वधलेल्या कोकऱ्याचा जय

ईस्टरची पहिली उपासना आमच्या गावची मंडळी चर्चमध्ये करत नाही, कबरस्थानात करते. नगर जिल्ह्यातलं लहानसं गाव आहे ते. पहाटे चारलाच लोक घरातून निघतात. आदल्या आठवड्यात गवत काढून कबरींना चुना दिलेला असतो, त्यामुळे अंधारात ते पांढरे चौथरे तेवढे दिसतात. जो तो आपल्या माणसापाशी जाऊन मेणबत्ती लावतो, झेंडूची चार फुलं ठेवतो. उजाडायच्या बेताला पाळकसाहेब मोठ्यानं म्हणतात, ख्रिस्त उठला आहे. सगळे म्हणतात, खरोखर उठला आहे. लहानपणी मला यात काही वेगळं वाटलं नाही. वाटलं ते आजी गेली त्या वर्षी. तिच्या कबरीची माती अजून बसली नव्हती, वरचा ओटा बांधायचा राहिला होता, आणि आम्ही तिथेच उभे राहून मरणाचा पराभव झाला असं गात होतो. पराभव झाला असेल, तर ही ताजी माती कशाची?

अंती सत्याचा, चांगल्याचा जय होणार, या ख्रिस्ती आशेवर दोन हजार वर्षांत जे लिहिलं गेलं, ज्यावरून वाद झाले, माणसं जाळली गेली आणि माणसं तुरुंगात तगली, ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं. विश्वास म्हणतो, निर्णायक लढाई झाली आहे, क्रूसावर आणि रिकाम्या कबरेत. रोजचं वर्तमानपत्र उलट साक्ष देतं. सन 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत ज्या रूपात मतांगिकार पक्का झाला, त्यात ख्रिस्त न्याय करायला पुन्हा येईल आणि त्याच्या राज्याला अंत नसेल, असं म्हटलं आहे. म्हणजे चर्चनं स्वतःच कबूल केलं की काम झालं आहे आणि काम राहिलंही आहे.

मराठीत या विषयाला हात घालताना आधी एक अडचण समोर येते ती खुद्द ‘आशा’ या शब्दाची. आपल्या संतपरंपरेत आशा ही बेडी आहे. आशा सुटली म्हणजे माणूस मोकळा झाला. आशा-तृष्णा ही जोडीच आपल्या तोंडी बसलेली आहे. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र हीच आशा विश्वास आणि प्रीती यांच्या पंगतीला बसते, टिकणाऱ्या तीन गोष्टींपैकी एक म्हणून. मूळ ग्रीक शब्दाला मराठीत दुसरा प्रतिशब्द सापडला नाही, म्हणून भाषांतरकारांनी हा घेतला. त्यामुळे ख्रिस्ती माणूस ‘आमची आशा’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्वर्गाचा लोभ बोलतो आहे. तो लोभ पुष्कळदा असतोही. पण ही आशा जिथं जन्मली ती जागा लोभाची नव्हती.

ती जागा यहुदी हुतात्म्यांच्या प्रेतांपाशी आहे. इसवी सनापूर्वी 167 च्या सुमारास अंतियोखस एपिफानेस या ग्रीक राजानं यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं आणि नियमशास्त्र पाळणं हाच गुन्हा ठरवला. जे देवाशी प्रामाणिक राहिले तेच मारले गेले आणि ज्यांनी तडजोड केली ते वाचले. चांगल्याचं चांगलं होतं हा जुना हिशेब तिथं साफ कोलमडला. दानीएलाचं पुस्तक त्याच काळात आजच्या रूपात आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मेलेले उठतील असं इतक्या स्पष्टपणे सांगणारा जुन्या करारातला उतारा त्याच पुस्तकाच्या शेवटी आहे. पुनरुत्थानाची कल्पना अमरपणाच्या हौसेतून आलेली नाही. मारल्या गेलेल्या निरपराधाला न्याय देणारा देव खरा असेल, तर मरण ही त्या न्यायाची हद्द असू शकत नाही, या हट्टातून ती आली.

येशूच्या तोंडी ही आशा शेतकऱ्याच्या भाषेत येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात निदणाचा दाखला आहे. गव्हात कोणी वैऱ्यानं रात्री निदण पेरलं. चाकर म्हणतात उपटून टाकू. धनी म्हणतो, थांबा, निदण उपटताना गहूही उपटून निघेल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. ज्यानं खुरपणी केली आहे त्याला कळतं की कोवळ्या रोपांत दोन्हींची मुळं कशी गुंतलेली असतात. वाइटाचा शेवट होणार याची खात्री आणि तो शेवट आपल्या हातानं आजच करायला मनाई, या दोन गोष्टी त्या दाखल्यात एकत्र आहेत. ख्रिस्ती इतिहासातले मोठे अपराध दुसरी गोष्ट विसरल्यानं झाले. आणि मोठा भेकडपणा पहिली विसरल्यानं झाला, असं मी म्हणेन.

मग प्रकटीकरण. नव्या करारातलं हे शेवटचं पुस्तक सगळ्यात जास्त गैरवापर झालेलं आहे. आमच्याकडे पुष्कळ पाळक त्यावर उपदेश करायचं टाळतात, आणि काही जण त्याशिवाय दुसरं बोलतच नाहीत. बिशप इरेनियसनं दुसऱ्या शतकात नोंदवलेल्या परंपरेप्रमाणे ते सम्राट डोमिशियनच्या राजवटीच्या शेवटी, म्हणजे सन 95 च्या आसपास लिहिलं गेलं. लिहिणारा योहान पात्म नावाच्या बेटावर होता, आणि पुस्तक आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना उद्देशून होतं. आजच्या तुर्कस्तानातली ही गावं. त्यांतल्या पर्गमात सम्राटाच्या पूजेचं मंदिर होतं, आणि तिथल्या अंतिपा नावाच्या साक्षीदाराला मारलेलं होतं. म्हणजे हे पत्र आहे, खऱ्या पत्त्यांवर गेलेलं. 666 हा आकडा नीरो कैसराच्या नावाची हिब्रू अक्षरं मिळवून येतो, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. त्या सात गावच्या लोकांना तो उलगडला असणार. बारकोडपासून लसीपर्यंत तो कुठंकुठं शोधला गेला, ते मात्र आपल्या भीतीविषयी सांगतं, योहानाविषयी नाही.

या पुस्तकातल्या दोन जागा मी मुद्दाम जवळून दाखवतो.

पाचव्या अध्यायात एक मोहरबंद गुंडाळी आहे. जगाचा पुढचा सगळा अर्थ तिच्यात, आणि ती उघडायला कोणी लायक सापडत नाही म्हणून योहान रडतो आहे. त्याला सांगण्यात येतं, रडू नको, यहुदाच्या वंशाचा सिंह जिंकला आहे. तो सिंह बघायला वळतो, आणि समोर उभा असतो कोकरा, वधलेला दिसणारा. कानांवर सिंह पडतो, डोळ्यांना कोकरा दिसतो. पुढच्या साऱ्या पुस्तकात तो सिंह पुन्हा त्या रूपात येतच नाही. येतो तो कोकराच, पुन्हा पुन्हा. जय कोणाचा, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. जय कसला, कोणत्या रीतीनं, हे उत्तर नवं होतं. मारणाऱ्यानं जिंकायचं हा रोमचा नियम होता. मारला गेलेला जिंकतो म्हटल्यावर जिंकणं या शब्दाचा अर्थच बदलतो. एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार लढाईला निघतो तेव्हा त्याचा झगा आधीच रक्तात बुडालेला आहे आणि तलवार हातात नाही, तोंडातून निघते आहे. ते रक्त शत्रूचं की त्याचं स्वतःचं, यावर मतभेद आहेत. लढाई सुरू व्हायच्या आधीच ते आहे, म्हणून मी दुसऱ्या मताचा आहे.

दुसरी जागा अठराव्या अध्यायातली. बाबेल म्हणजे रोम पडल्यावर व्यापारी रडतात, आता आपला माल कोण घेणार? आणि योहान मालाची यादीच देतो, एखाद्या वखारीतल्या वहीसारखी. सोनं, रुपं, मोती, तलम वस्त्र, हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरं, घोडे, रथ. अशा अठ्ठावीस जिनसा मोजल्या जातात, आणि सगळ्यात शेवटी, गुरा-घोड्यांच्याही नंतर, माणसं. गुलाम. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठण आणि तेरहून भडोचला उतरणाऱ्या मालाची नोंद आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरंही तिच्यात आहेत. रोमच्या त्या वखारीत आपल्या घाटावरून उतरलेलं कापड, आपल्या किनाऱ्यावरून गेलेला हस्तिदंत असणारच. वाईट म्हणजे शिंगं असलेला सैतान एवढंच योहानाला म्हणायचं नाही. ज्या भरभराटीच्या यादीत माणूस ही शेवटची जिन्नस असते, ती भरभराट म्हणजे वाईट, आणि ती पडणार, असं तो म्हणतो. सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्म्यांचे आत्मे देवाला विचारतात, कुठवर? हा प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नाही. पुस्तकात तो थेट स्वर्गातून येतो.

पुढे जे झालं ते सांगताना मन जड होतं. सन 325 मध्ये निकायाची परिषद संपली तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइननं बिशपांना मेजवानी दिली. छळाच्या काळात ज्यांनी सोसलं होतं असेही काही जण त्यांत होते. उपसलेल्या तलवारी घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांमधून ते निर्भयपणे आत गेले आणि सम्राटाच्या पंगतीला बसले. इतिहासकार युसेबियस हे सांगताना म्हणतो की ख्रिस्ताच्या राज्याचं चित्रच पाहतो आहोत असं वाटावं. मी त्याला हसत नाही. ज्यांना काही वर्षांपूर्वी खाणीत पाठवलं जात होतं त्यांना असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या एका वाक्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. राज्य आलंच आहे म्हटल्यावर ‘कुठवर’ विचारणारा बंडखोर ठरतो.

बिशप ऑगस्टिननं हे ओळखलं होतं. 410 मध्ये गॉथांनी रोम लुटलं. 413 ते 426 या काळात त्यानं ‘देवाचं नगर’ हा प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याचा गाभाच हा की कोणतंही साम्राज्य म्हणजे देवाचं नगर नव्हे. दोन नगरं या जगात कापणीपर्यंत मिसळलेलीच राहणार. वाईट हे स्वतंत्र तत्त्व नाही, चांगल्याचा अभाव आहे, सावलीसारखं परावलंबी आहे, हेही त्यानंच पक्कं केलं, आणि म्हणून वाइटाला कायमचं टिकता येणार नाही. पण प्रकटीकरणातली हजार वर्षं म्हणजे आत्ताचाच चर्चचा काळ, असं त्यानं लावल्यामुळे चर्चला स्वतःलाच राज्य समजायची वाटही मोकळी झाली. त्या वाटेनं धर्मयुद्धं गेली. आपल्या दारापर्यंत ती गोव्याच्या इन्क्विझिशनच्या रूपात आली, 1560 मध्ये सुरू झालेली आणि 1812 मध्ये बंद झालेली. जिथं फादर स्टीफन्स मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचत होते, त्याच गोव्यात. चांगल्याच्या अंतिम विजयाचे मुखत्यार आपणच, असं ज्यांना वाटलं त्यांनी निदण उपटायला घेतलं.

सत्तेबाहेरच्यांनीही ते केलं. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात 1534-35 मध्ये ॲनाबॅप्टिस्ट पंथाच्या लोकांनी नवं यरुशलेम स्थापन केलं. वेढा पडला, उपासमार झाली, आत दहशत माजली. शहर पडल्यावर पुढाऱ्यांना छळून मारलं आणि त्यांची प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. पिंजरे अजून तिथं आहेत. ख्रिस्ती आशा हातात शस्त्र घेते तेव्हा काय होतं आणि ख्रिस्ती सत्ता तिला काय उत्तर देते, दोन्ही त्या एका मनोऱ्यावर लटकलेलं आहे.

ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याच्या तारखा काढणाऱ्यांविषयी फार लिहावं असं नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ची वाट पाहिली, ती तारीख आली आणि गेली. जॉन नेल्सन डार्बीनं मांडलेली युगांची योजना 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून घरोघर पोचली, आणि आपल्याकडच्या अनेक नव्या मंडळ्यांत आज तीच बायबलची शिकवण म्हणून चालते. त्यातलं एक मला खटकतं: जग बुडणार आणि आपण वर उचलले जाणार असं ठरलं, की बुडणाऱ्या जगाची काळजी सुटते.

याच्या उलट टोकाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे मिशनरी होते. सुवार्ता पसरत जाईल, जग हळूहळू सुधारेल, आणि मग ख्रिस्त येईल असा त्यांतल्या अनेकांचा भरवसा. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला आले, सॅम्युएल न्यूएल पुढच्या वर्षी. दोघांनी मिळून जगाच्या धर्मांतरावर एक पुस्तक लिहिलं, ते 1818 मध्ये छापलं गेलं. त्याच्या नावातच साठ कोटी माणसांचा हिशेब आहे. न्यूएल 1821 मध्ये कॉलऱ्यानं गेले. हॉल 1826 मध्ये नाशिकहून परतताना वाटेतच कॉलऱ्यानं गेले. नाशिकला त्याच रोगानं पडलेल्या लोकांना ते औषध वाटत होते. त्यांचा कोटींचा हिशेब आज मला पटत नाही, त्यात एक आत्मविश्वास आहे जो साम्राज्याच्या जहाजावरून आला होता. पण रोग्यांच्या गावातून पळून न जाणं ही त्यांच्या आशेची दुसरी बाजू होती, आणि ती खोटी नव्हती.

मराठी मातीत ही आशा खऱ्या अर्थानं रुजलेली मला दिसते ती पंडिता रमाबाईंमध्ये. आई, वडील, बहीण काही महिन्यांत दुष्काळानं नेलेली ही बाई. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. 1905 मध्ये तिथल्या त्यांच्या मुक्ति मिशनमध्ये जे मोठं जागरण झालं, त्यात त्या मुलींचं रडणं, रात्ररात्र प्रार्थना करणं, ख्रिस्त लवकर येतो आहे ही उत्कट खात्री, सगळं होतं. आणि त्याच आवारात विहिरी खोदल्या जात होत्या, छापखाना चालत होता, आंधळ्या मुली वाचायला शिकत होत्या. शेवट जवळ आहे असं मानणारी माणसं विहिरी खोदत नाहीत, असा एक समज आहे. केडगावच्या विहिरींपुढे तो टिकत नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत सगळं बायबल आणलं, बायाबापड्यांना कळावं म्हणून, आणि ते काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 ला देह ठेवला. आदल्याच वर्षी मुलगी मनोरमा गेली होती.

नारायण वामन टिळकांची रीत निराळी. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्यांना एका पंगतीत बसवणारा. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून त्यांची पदं म्हणताना आजही जाणवतं की येणारं राज्य त्यांना आकाशातून कोसळणारं वाटत नव्हतं, देशाच्या घरात चूल पेटावी तसं ते इथं सुरू व्हावं असं वाटत होतं. 1919 मध्ये ते गेले, दरबार पुढे फार चालला नाही.

पहिल्या महायुद्धानं सुधारत जाणाऱ्या जगाची कल्पना खंदकात पुरली, आणि त्यानंतर या विषयावर जे लिहिलं गेलं ते फार वेगळ्या तोंडानं बोलतं. स्वीडनच्या गुस्ताफ आउलेननं 1930 मध्ये ‘ख्रिस्तुस व्हिक्टर’ लिहून आठवण दिली की आरंभीच्या चर्चसाठी क्रूस ही दंड भरण्याची जागा असण्याआधी लढाईची जागा होती, पाप, मरण आणि सैतान यांच्याशी. पूर्वेकडचं चर्च हे कधी विसरलंच नव्हतं. इस्तंबूलच्या कोरा चर्चमधल्या चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्रात पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त मृतलोकात उतरला आहे आणि एका हातानं आदामाला, दुसऱ्या हातानं हव्वेला खेचून काढतो आहे. नीट पाहिलं तर त्यानं त्यांचा हात हातात घेतलेला नाही, मनगट धरलं आहे. बुडणाऱ्याला काढताना धरतात तसं, कारण त्याच्या बोटांत आता पकड उरलेली नसते. पायाखाली तुटलेली दारं, आणि काळोखात विखुरलेल्या कड्या, कुलुपं, किल्ल्या. बांधून पडलेला आहे तो एकटा तुरुंगाधिकारी.

ऑस्कर कुलमान या ईश्वरवेत्त्यानं 1946 मध्ये ताज्या युद्धातली उपमा घेतली. युद्धाचा निकाल लावणारी लढाई एके दिवशी जिंकली जाते, विजयाचा दिवस बऱ्याच महिन्यांनी येतो, आणि मधल्या काळात माणसं मरतच राहतात. आजीच्या कबरीपाशी पडलेल्या माझ्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं समजण्याजोगं उत्तर. पण ते पुरं नाही. मधल्या महिन्यांत जो मेला, त्याला विजयाच्या दिवसाचं काय?

हा प्रश्न दोन जर्मन पोरांनी पुढे नेला, आणि दोघंही आधी तो जगले होते. युर्गन मोल्टमान जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गला विमानविरोधी तोफेवर होता, सतरा वर्षांचा. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बनं फाटला, हा वाचला. त्या रात्री त्यानं पहिल्यांदा देवाला हाक मारली, असं तो पुढे सांगे: देवा, तू कुठे आहेस? युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत असताना बेल्सनच्या छळछावणीचे फोटो झोपडीत लावले गेले, आणि आपण कशासाठी लढत होतो ते त्याला कळलं. तिथंच एका लष्करी पाद्रीनं दिलेलं बायबल त्यानं वाचलं आणि क्रूसावरच्या येशूची टाकून दिल्याची किंकाळी त्याला ओळखीची वाटली. 1964 मध्ये त्याचं ‘आशेचं ईश्वरविज्ञान’ आलं. त्याचं म्हणणं असं की ख्रिस्ताच्या भविष्यावर ज्याचा भरवसा आहे त्याला आजच्या जगाशी जुळवून घेता येत नाही. आशा माणसाला शांत करत नाही, अस्वस्थ करते. 2024 मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ते वारले.

दुसरा योहान बाप्टिस्ट मेट्झ. 1945 च्या वसंतात, सोळाव्या वर्षी, त्याच्या तुकडीच्या अधिकाऱ्यानं त्याला निरोप घेऊन मागच्या ठाण्यावर पाठवलं. रात्र चालून सकाळी परतला तर शंभराहून अधिक त्याच्या वयाची पोरं मेलेली. आपल्याला फक्त एक आवाज न फुटलेली किंकाळी आठवते, असं तो म्हणे. मेट्झच्या साऱ्या लेखनाचा रोख एकच: मेलेल्यांना विसरून पुढे जाणारी प्रगती म्हणजे विजय नव्हे. भविष्यातल्या सुखी पिढीसाठी मागच्या पिढ्यांची खतासारखी माती करणारा प्रत्येक विचार, मग तो कोणत्याही झेंड्याखालचा असो, या आशेच्या कसोटीला उतरत नाही.

दीन-दलितांनी ही कसोटी पुस्तकात शोधली नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं सरकार ख्रिस्ती म्हणवत होतं. 1985 च्या ‘कैरोस’ पत्रकानं सरकारच्या त्या धर्माला थेट नकार दिला आणि दोन्ही बाजूंची समजूत घालणाऱ्या चर्चच्या मुळमुळीतपणालाही. तिथलेच पाळक ॲलन बुसाक यांनी 1987 मध्ये प्रकटीकरणावर पुस्तक लिहिलं. ज्याला अटक होऊ शकते अशा माणसानं वाचलेलं ते प्रकटीकरण आहे, आणि पात्म बेट त्यात एकदम जवळ येतं. आर्चबिशप डेस्मंड टूटूंची एक आठवण अमेरिकन लेखक जिम वॉलिस सांगतात: केप टाउनच्या कॅथिड्रलमध्ये उपासना चालू असताना पोलीस भिंतींना लागून उभे राहिले, तेव्हा टूटू त्यांना हसून म्हणाले की तुम्ही हरलेलेच आहात, तेव्हा या, जिंकणाऱ्या बाजूला या. शत्रूला बोलावणं गेलं, हे मला त्या प्रसंगातलं सर्वांत ख्रिस्ती वाटतं.

आपल्याकडे अरविंद निर्मळ यांनी 1981 मध्ये बंगळूरला दिलेल्या भाषणातून दलित ईश्वरविज्ञानाला तोंड फुटलं. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य प्रॉटेस्टंट मंडळ्या ज्या वाड्यावस्त्यांतून आल्या, त्यांच्या तोंडचा तो प्रश्न होता: स्वर्गात एका पंगतीला बसणार, मग गावच्या विहिरीचं काय, आणि चर्चमधल्या सोयरिकीचं काय? हा प्रश्न चर्चनं अजून सोडवलेला नाही. जातीवर बोट ठेवल्याशिवाय वाइटाच्या पराभवावर उपदेश करणाऱ्यानं अठराव्या अध्यायातली यादी पुन्हा वाचावी.

आता सगळ्यात अवघड गाठ. चांगल्याचा पूर्ण विजय म्हणजे वाईट माणसांचं काय? तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनला वाटत होतं की शेवटी सगळंच देवाकडे परत येईल. 553 च्या परिषदेत त्याच्या शिकवणीवर बंदी आली. निसाच्या ग्रेगरीचं मत फार वेगळं नव्हतं, त्याला मात्र संत म्हणूनच मान राहिला. प्रकटीकरणात दोन्ही आहे: विसाव्या अध्यायात अग्नीचं सरोवर, आणि लगेच पुढे असं नगर ज्याच्या वेशी कधी बंद होत नाहीत, ज्यात पृथ्वीचे राजे येतात, तेच राजे ज्यांनी बाबेलशी संधान बांधलं होतं, आणि ज्यातल्या झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. विसाव्या शतकात बाल्थाझार या कॅथलिक ईश्वरवेत्त्यानं म्हटलं, सगळे तरतील असं ठामपणे सांगता येणार नाही, पण तशी आशा धरणं हे कर्तव्य आहे. डेव्हिड बेंटली हार्ट या अमेरिकन ईश्वरवेत्त्यानं 2019 मध्ये ते ठामच मांडलं. उलट मिरोस्लाव व्होल्फ, युगोस्लावियाचं युद्ध पाहिलेला क्रोएशियन, म्हणतो की देव न्याय करणार नाही हे मत शांत उपनगरात सुचतं. ज्याचं गाव जाळलं गेलं त्याला सूड न घेता जगायचं असेल तर न्याय करणारा कोणीतरी आहे यावर विश्वास लागतो. पोप बेनेडिक्ट यांनीही 2007 च्या आशेवरच्या पत्रात म्हटलं आहे की छळणारा आणि छळला गेलेला जणू काही घडलंच नाही असे शेजारी मेजवानीला बसणार नाहीत.

मला यांतला कोणताही आवाज बाजूला सारता येत नाही. पण मराठी माणूस म्हणून माझ्या कानात आणखी एक मागणं आहे, शके 1212 मधलं. ज्ञानदेव पसायदानात दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावा असं मागतात. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना ख्रिस्ती करून घेण्याचा मला हक्क नाही. पण चांगल्याचा पूर्ण विजय म्हणजे काय याचं याहून नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही. वाईट माणूस मेला तर वाइटाची एक बाजू जिंकलेलीच राहते: त्यानं त्या माणसाला नेलं. तो पालटला तरच ते पूर्ण हरतं. पालटण्यासाठी मात्र त्यानं केलेलं सगळं त्याच्यासमोर, आणि ज्यांना केलं त्यांच्यासमोर, यावं लागेल. न्यायाचा दिवस मला असा दिसतो, आणि म्हणून त्याची भीतीही वाटते आणि वाटही पाहतो.

उठलेल्या येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण गेले नव्हते, योहानाच्या शुभवर्तमानात थोमाला तेच दाखवले जातात. सिंहासनापाशी उभा असलेला कोकराही वधलेलाच दिसतो. पुसली जातात ती आसवं. जखमा पुसल्या जात नाहीत, त्या ओळख म्हणून राहतात.

आमच्या कबरस्थानात ईस्टरच्या उपासनेत आणखी एक गोष्ट होते. गेल्या ईस्टरनंतर जे गेले त्यांची नावं मंडळीचा चिटणीस वहीतून वाचतो. काही वर्षांपूर्वीच्या यादीत एक पोरगा होता, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचा, फडावर ट्रॅक्टरखाली सापडलेला. त्याचं बारशाचं नाव कोणाला नक्की ठाऊक नव्हतं, सगळे त्याला बाळ्या म्हणत. चिटणीस अडखळला. मागून त्याच्या आईनं पूर्ण नाव मोठ्यानं सांगितलं, बापाच्या आणि आडनावासकट. चिटणिसानं ते तिथल्या तिथे, मेणबत्तीच्या उजेडात, वहीत लिहून घेतलं, आणि मग पहिल्यापासून पुन्हा सगळी यादी वाचली.